एसबी-५०५१२४: माशाच्या भ्रूणातला नोडल थांबवणारी पाच मिलिग्रॅमची कुपी

एम.एस्सी. प्राणिशास्त्राला भ्रूणविकास शिकवणाऱ्या कुणाकडे एखादंच महागडं रसायन मागवण्यापुरते पैसे असतील, तर ते एसबी-५०५१२४ वर, म्हणजे भ्रूणाची रचना ठरवणारा नोडल नावाचा सिग्नल अडवणाऱ्या रसायनावर, खर्च करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत पाच आकड्यांत जाते. हातात येते ती बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी कुपी, आणि आत पाच मिलिग्रॅम पावडर. ती काचेला आणि झाकणाला अशी चिकटलेली असते की आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी कुपी उजेडात धरून विचारलं, "मॅडम, रिकामीच पाठवली का?" उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पावडर तळाशी आणावी लागते. तेवढं केलं, की पुढची दोन वर्षं तरी वर्गाला पुरेल इतका माल त्यात असतो.

मी जिल्ह्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते. पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांमध्ये असतात तसे जनुकबदल केलेले मासे आमच्याकडे नाहीत आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपही नाही. एक बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, २८.५ अंशांवर लावलेला इनक्युबेटर आहे, झेब्राफिश ह्या छोट्या पट्टेदार माशांच्या टाक्या आहेत आणि प्राणी नैतिकता समितीची परवानगी आहे. एवढ्यावर मुलांना 'सिग्नलिंग' नावाची गोष्ट, म्हणजे पेशींनी प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप देणं, डोळ्यांनी दाखवायची होती. पुस्तकात बाणांच्या आकृत्या असतात. एक प्रथिन दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचा बाण केंद्रकात जातो. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत काढतात, पण तो बाण तोडला तर जिवाचं नेमकं काय होतं, हे विचारलं की वर्ग गप्प. ह्या कुपीने तो बाण तोडता येतो, आणि पाहिजे त्या तासाला तोडता येतो. माझ्या लेखी तिची सगळी किंमत ह्या वेळेच्या ताब्यात आहे.

हे नेमकं कुठे काम करतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

झेब्राफिशचं अंडं जेमतेम ०.७ मिलिमीटरचं आणि काचेसारखं आरपार दिसणारं. फलन झाल्यावर पहिले तीन तास भ्रूण स्वतःची जनुकं जवळजवळ वापरतच नाही, आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर त्याचा कारभार चालतो. दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट होत जातात. दहाव्या विभाजनाच्या सुमारास ही घाई थांबते. आईकडून आलेल्या नॅनॉग, पोउ५एफ३ आणि सॉक्सबी१ ह्या प्रथिनांच्या मदतीने भ्रूणाची स्वतःची जनुकं उघडतात. त्यात अगदी सुरुवातीला उघडणाऱ्यांत स्क्विंट आणि सायक्लॉप्स ही दोन नोडल जनुकं असतात. बलकाला लागून असलेल्या कडेच्या पेशी हे नोडल प्रथिन बाहेर सोडतात. आईने अंड्यात ठेवलेलं व्हीजी-१ नावाचं प्रथिन त्याच्याशी जोडी जमवतं. ही जोडीच खरं काम करते, हे २०१७ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. जोडी शेजारच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसते, तिथे वन-आइड-पिनहेड नावाचा सहरिसेप्टर लागतोच. मग रिसेप्टरचा आतला भाग स्मॅड-२ ह्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतो. फॉस्फेट चढलेला स्मॅड-२, स्मॅड-४ ला बरोबर घेऊन केंद्रकात शिरतो आणि फॉक्सएच१ सारख्या प्रथिनांच्या साथीने डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू करतो. त्या जनुकांवर ठरतं, की ही पेशी आतड्याची होणार, हृदयाची होणार की नोटोकॉर्डची, म्हणजे पाठीतल्या आधाराच्या दांड्याची.

एसबी-५०५१२४ जाऊन बसतं ते रिसेप्टरच्या आतल्या भागात, जिथे फॉस्फेट पुरवणारा एटीपी बसायला हवा त्या खाचेत. नोडल बाहेर तयार होत राहतं, पेशीपर्यंत पोहोचतं, रिसेप्टरला चिकटतंही, पण स्मॅड-२ वर फॉस्फेट चढत नाही. ह्याच घराण्यातलं आधीचं एसबी-४३१५४२ आपल्याकडे जास्त ठिकाणी सापडतं. ५०५१२४ त्याच्यापेक्षा तीन ते पाच पट प्रभावी असल्याचं २००४ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. दोन्हींच्या किमतीत थोडा फरक दिसला तर नवं घ्या.

आता प्रयोग. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, मध्ये पारदर्शक आडोसा. सकाळी दिवे लागले की आडोसा काढायचा. अर्ध्या तासात तळाच्या जाळीखाली अंडी दिसतात. ती गाळून ई-३ माध्यमात, म्हणजे भ्रूण वाढवायच्या क्षारांच्या पाण्यात, घ्यायची आणि इनक्युबेटरमध्ये ठेवायची. आठ पेशींच्या अवस्थेत एकदा सगळी डोळ्यांखालून घालून फलित न झालेली आणि वाकडी विभागलेली काढून टाकायची. ही निवड मी मुलांकडूनच करून घेते, कारण इथे कंटाळा केला तर दुसऱ्या दिवशी दिसणारा दोष औषधाचा की अंड्याचा, हे सांगता येत नाही. मग एकाच जोडीची अंडी वेगवेगळ्या डिशमध्ये वाटायची. सगळ्यांत औषधाची मात्रा सारखीच, ५० मायक्रोमोलर. फरक फक्त फलनानंतर कितव्या तासाला औषध टाकलं, एवढाच. एका डिशमध्ये नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात ते द्रावक, तेवढ्याच प्रमाणात, तुलनेसाठी.

तीन तासांच्या आत औषध पडलेली डिश दुसऱ्या दिवशी मुलांसमोर ठेवली, की वर्गात जी शांतता पसरते ती कुठल्याही व्याख्यानाने येत नाही. तुलनेच्या डिशमध्ये चोवीस तासांचा साधा भ्रूण आहे. डोकं, दोन डोळे, पाठीतून शेपटीपर्यंत गेलेली काचेच्या नळीसारखी नोटोकॉर्ड, दोन्ही बाजूंना इंग्रजी व्ही आकाराचे सोमाइट (पुढे स्नायू आणि मणके होणारे पेशींचे गठ्ठे), आणि बलकाच्या पुढच्या बाजूला नुकतंच धडधडू लागलेलं हृदय. शेजारच्या डिशमध्ये बलकावर एक लांबट मेंदू आहे. त्याच्या पुढच्या टोकाला मधोमध एकच डोळा. नोटोकॉर्ड नाही, हृदय नाही, रक्त नाही, आतडं होण्याजोगं काही नाही, धडाचे सोमाइट नाहीत. मात्र शेपटीच्या टोकाला थोडे सोमाइट आहेत. मुलं नेहमी इथे अडकतात, की सगळं गेलं तर हे कसे राहिले? त्यांना मी सांगते की स्क्विंट आणि सायक्लॉप्स दोन्ही नसलेल्या माशांतही नेमकं हेच दिसतं. शेपटीचे सोमाइट बनवायला बीएमपी, डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ ही दुसरी सिग्नल प्रथिनं पुरेशी असतात. म्हणजे औषधाने जे केलं ते म्युटंटशी, जनुक बिघडलेल्या माशाशी, जुळतं. माझ्या दृष्टीने कुठल्याही इनहिबिटरची, म्हणजे अडवणाऱ्या रसायनाची, पहिली परीक्षा हीच आहे आणि ह्यात हे रसायन पूर्ण गुणांनी पास होतं.

एका डोळ्याबद्दल थोडं थांबून सांगण्यासारखं आहे. भ्रूणात डोळ्यांचं क्षेत्र सुरुवातीला सगळ्यांचं एकच असतं, मधोमध, सलग. त्याच्याखाली नोडलमुळे तयार झालेली प्रीकॉर्डल प्लेट नावाची पेशींची पट्टी सरकत येते, आणि तिच्यामुळे मधल्या रेषेवर सॉनिक हेजहॉग नावाच्या प्रथिनाचा सिग्नल सुरू होतो. त्या सिग्नलमुळे मधल्या भागाचं डोळ्याचं काम बंद होऊन दोन बाजूंना दोन डोळे होतात. नोडल नसेल तर प्रीकॉर्डल प्लेट नाही, ती नसेल तर क्षेत्र दुभंगत नाही. कोकरांमध्ये आणि क्वचित माणसाच्या गर्भातही एकच डोळा का होतो, हे ह्याच रांगेतून समजतं. आमच्या वर्गातली एक मुलगी पशुवैद्यकाची लेक. तिने घरी जाऊन वडिलांना हे समजावलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न घेऊन आली.

आता त्याच जोडीची बाकीची अंडी. चार तासांनी औषध पडलेल्यांत थोडं जास्त वाचलेलं असतं. पाच तासांच्या सुमारास टाकलं तर धडाचे सोमाइट दिसतात, काहींत नोटोकॉर्डचा तुकडाही, पण डोळे अजून एकमेकांना चिकटलेले किंवा अगदी जवळ आलेले. सहा तासांनंतर, म्हणजे शील्ड (पाठीची बाजू होणारा कडेचा जाड भाग) दिसू लागल्यावर टाकलं, तर बहुतेक भ्रूण साधेच दिसतात. औषध तेच, मात्रा तीच, आई-बापही तेच. बदलली ती फक्त घड्याळातली वेळ, आणि तिच्याबरोबर आख्खी शरीररचना बदलत गेली. म्युटंट माशात हे कधीच दिसणार नाही. त्याच्यात जनुक पहिल्यापासून नसतं, त्यामुळे ते तिसऱ्या तासाला काय करत होतं आणि पाचव्या तासाला काय, हे वेगळं काढता येत नाही. ह्या कुपीने ते काढता येतं.

खरी मजा तर पुढे आहे. ज्यांनी शील्डनंतर हात झटकले त्यांनी ती पाहिलीच नाही. गॅस्ट्रुला, म्हणजे पेशी सरकून थर बनण्याची अवस्था, संपल्यावर, दहा तासांच्या पुढे, औषध टाकून बघा. तीस तासांच्या आसपास भ्रूण समोरून पाहिला तर साध्या माशात हृदयाची नळी डाव्या बाजूला झुकलेली दिसते. औषधातल्या भ्रूणांत ती बऱ्याच वेळा मधोमध सरळ उभी असते. बाकी मासा धडधाकट, डोळे दोन, शेपूट सरळ, पण हृदयाला डावं कुठलं ते कळलेलं नाही. ह्या वेळी जे अडलं ते तिसऱ्या नोडलचं काम, साउथपॉचं. सोमाइट बनत असताना साउथपॉ कडेच्या मीसोडर्ममध्ये (भ्रूणाच्या मधल्या थरात) फक्त डावीकडे चालू होतं आणि शरीराला बाजू कळते. तिसऱ्या तासाला ज्या घराण्याच्या प्रथिनाने आतडं आणि हृदयाच्या पेशी ठरवल्या, त्याच घराण्याचं प्रथिन पुढे हृदय कुठे झुकायचं ते ठरवतं. रिसेप्टर त्याच प्रकारचे, स्मॅड-२ तोच, केंद्रकात मात्र उघडणारी जनुकं वेगळी, कारण तोवर पेशी वेगळी झालेली असते. सिग्नल प्रथिनांबद्दल मुलांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

नोडलचं अंतराचं गणितही ह्या कुपीच्या निमित्ताने शिकवता येतं, फक्त त्यासाठी वाचन हाताशी हवं. वाड्यात एका घरी कांद्याची फोडणी पडली, की शेजारच्याला आज पिठलं आहे हे कळतं आणि चार दारं पलीकडच्याला काहीतरी शिजतंय एवढंच कळतं. कडेच्या पेशींतून निघालेल्या नोडलचंही तसंच आहे. जवळच्या पेशींना ते भरपूर आणि जास्त वेळ मिळतं, त्या एंडोडर्म (आतड्याचा आतला थर) होतात, लांबच्यांना थोडं मिळतं, त्या मीसोडर्म होतात. २००१ मध्ये चेन आणि शिअर ह्या संशोधकांनी दाखवलं की स्क्विंट लांबवर पोहोचून थेट काम करतं, सायक्लॉप्सची मजल मात्र जवळच्याच पेशींपर्यंत. दोघांची कामाची पद्धत सारखी, पण पल्ला वेगळा.

ह्या नोडलवर अंकुश म्हणून भ्रूण लेफ्टी नावाचं प्रथिन बनवतो, आणि ते बनवायला लावतं खुद्द नोडलच. २०१२ मध्ये हार्वर्डच्या शिअर प्रयोगशाळेने जिवंत भ्रूणात ही प्रथिनं चकाकवून मोजलं, तर लेफ्टी नोडलपेक्षा कितीतरी वेगाने पसरत होतं. गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये कागदावर मांडलेल्या गणिताशी हे चित्र जुळत होतं, एक पदार्थ स्वतःला वाढवणारा आणि हळू पसरणारा, दुसरा त्याला दाबणारा आणि भराभर पसरणारा. २०१५ मध्ये लंडनच्या कॅरोलाइन हिल ह्यांच्या गटाने त्यात वेळेचा मुद्दा आणला. मिर-४३० नावाचा छोटा आरएनए लेफ्टीचं प्रथिन बनणं थोडा वेळ रोखून धरतो, आणि तेवढ्या खिडकीत नोडल आपलं काम उरकतो. खिडकी किती वेळ उघडी राहिली त्यावर सिग्नल कुठवर जाणार हे ठरतं.

आणि २०१७ चा प्रयोग तर थेट आमच्या कुपीशी नातं सांगतो. लेफ्टी-१ आणि लेफ्टी-२ दोन्ही जनुकं काढलेले भ्रूण नोडलचा अतिरेक होऊन मरतात. शिअर गटातल्या लोकांनी त्यांना नोडल इनहिबिटरची बेताची मात्रा दिली, आणि मरायला निघालेले भ्रूण वाचले. अंकुश कुठे, किती आणि कधी बसवायचा हे भ्रूणाला कळण्याची गरजच नव्हती, सगळीकडे सारखं थोडं औषध पुरलं. पण असे मासे जरा धक्का लागला की कोलमडतात, लेफ्टी असलेले सावरतात. लेफ्टीचं महत्त्व ह्या सावरण्यात आहे. ज्या इनहिबिटरकडे आपण फक्त मोडतोड करणारं हत्यार म्हणून बघतो, त्याने कुणाचा तरी जीव वाचवून दाखवला. मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी तितक्याच उत्साहाने शिकवते.

ह्या कुपीसोबत बीएमपी अडवणारी दुसरी कुपी घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. नोडलइतकंच बीएमपी महत्त्वाचं, ते पोटाची बाजू ठरवतं. बीएमपी-२बी नसलेला म्युटंट, स्विरल, सगळा पाठीकडचा होत जातो. त्याचे सोमाइट भ्रूणाभोवती गोल वेढा घालतात आणि बलकावर दाब येऊन भ्रूण फुटतो. बीएमपी अडवणारं पहिलं रसायन, डॉर्सोमॉर्फिन, झेब्राफिशच्याच भ्रूणांवर शोधलं गेलं. २००८ मध्ये बॉस्टनमधल्या गटाने सुमारे साडेसात हजार रसायनं भ्रूणांवर टाकून पाहिली, आणि ज्याने पोटाची बाजू हरवली ते उचललं. त्याच घराण्यातून पुढे निघालेली रसायनं स्नायूंचं हाड होत जाणाऱ्या एका दुर्मीळ आजारावर उंदरात तपासली गेली. त्या आजाराचं मूळही बीएमपीच्याच एका रिसेप्टरमध्ये आहे. एका माशाच्या पोटाचा आणि माणसाच्या हाडांचा इतका सरळ संबंध मुलांना दुसरीकडे कुठे दाखवणार?

पण विकत घ्यायचं झालं तर डॉर्सोमॉर्फिन घेऊ नका, असंच मी सांगेन. ते बीएमपीसोबत रक्तवाहिन्यांना लागणारा व्हीईजीएफचा रिसेप्टरही अडवतं आणि एएमपीके ह्या पेशीतल्या ऊर्जेवर नजर ठेवणाऱ्या एन्झाइमलाही. खरं तर ते आधी एएमपीकेचा इनहिबिटर म्हणूनच विकलं जायचं. भ्रूणात रक्तवाहिन्या बिघडल्या तर तो बीएमपीचा दोष की व्हीईजीएफचा, हे सांगता येणार नाही. त्याच्यातूनच सुधारून काढलेलं डीएमएच-१ बरंच नेमकं आहे. पैसे असतील तर ते घ्या. पाण्यात दोन्हींची तक्रार सारखीच, मात्रा वाढवली की डिशच्या तळाशी सुईसारखे स्फटिक पडतात. ते दिसले की ती डिश बाद समजा, कारण भ्रूणापर्यंत किती औषध पोहोचलं ते आता कुणालाच माहीत नाही.

एसबी-५०५१२४ च्या दोषांबद्दलही बोललं पाहिजे. सगळ्यात मोठा दोष म्हणजे ते अल्क-४, अल्क-५ आणि अल्क-७ तिन्ही रिसेप्टर अडवतं. बीएमपीच्या रिसेप्टरांना ते हात लावत नाही, ही जमेची बाजू. पण अॅक्टिव्हिन आणि टीजीएफ-बीटा ह्या नोडलच्या नात्यातल्या प्रथिनांचे सिग्नलही ह्याच तीन रिसेप्टरांतून जातात. त्यामुळे जे बिघडलं ते नोडलमुळेच, असं फक्त औषधावरून ठामपणे म्हणता येत नाही. सुरुवातीच्या तासांत म्युटंटशी जुळणी असल्यामुळे खात्री वाटते. चोवीस तासांनंतर, अवयव बनताना औषध टाकाल, तर तिथे टीजीएफ-बीटा जागोजागी काम करत असतो, आणि उत्तराचा अर्थ लावणं अवघड होतं. स्क्विंटचं काम वेगळं आणि सायक्लॉप्सचं वेगळं करायला तर हे अजिबात उपयोगाचं नाही. रिसेप्टरवरच घाला घातल्यावर निरोप कुणी धाडला होता हे कळायला जागा राहत नाही. तेवढ्यासाठी म्युटंटच हवेत. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या मोठ्या म्युटंट-शोधमोहिमेत जी ३७२ जनुकं हाती लागली, त्यांचं मोल अजूनही कमी झालेलं नाही. औषध आणि म्युटंट एकमेकांच्या जागी वापरायच्या गोष्टी नव्हेत.

दुसरा दोष विक्रीतला. एका विक्रेत्याकडून आमची एक कुपी बॅचच्या तपशिलाविनाच आली, आणि तो मिळवायला पुष्कळ पत्रव्यवहार झाला. मागवतानाच लेखी विचारून घ्या. त्यातही एक गोष्ट आवर्जून तपासा, मूळ रसायन आहे की हायड्रोक्लोराइड क्षार. मूळ रेणूचा भार ३३५.४, क्षाराचा ३७१.९. लेबलवर अक्षरं इतकी बारीक असतात की हा फरक नजरेतून सुटतो, आणि मग तुमचं द्रावण दहा टक्क्यांनी कमी ताकदीचं बनतं. मूळ रसायन असेल तर पाच मिलिग्रॅमला १.४९ मिलिलिटर डीएमएसओ घातलं की १० मिलिमोलर होतं. पाच मिलिलिटरच्या डिशला त्यातले २५ मायक्रोलिटर टाकले की ५० मायक्रोमोलर. म्हणजे एका कुपीत साठेक डिश होतात. एका डिशमध्ये वीस-पंचवीस भ्रूण ठेवले तर एका वर्गाला एका वर्षी दहाबारा डिश पुष्कळ होतात. असा हिशेब मांडला की प्राचार्यांच्या टेबलावरचा कागद लवकर सही होऊन येतो, हा माझा अनुभव आहे.

द्रावण लगेच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे वीस अंशांवर ठेवावं आणि एक नळी एकदाच वितळवावी. डीएमएसओ १८ अंशांखालीच गोठतं, त्यामुळे थंडीच्या दिवसांत टेबलावर ठेवलेली नळीही घट्ट होते. हातात धरून पूर्ण पातळ झाल्यावरच पिपेटने घ्या. भ्रूणाच्या डिशमध्ये थेंब टाकताना माध्यम आधी हलवत राहा, नाहीतर औषध एका जागी साचतं आणि तिथले भ्रूण वेगळे दिसतात. अंड्याचं बाहेरचं आवरण काढायची गरज नाही, हे रसायन त्यातून आत जातं. आणि हातमोजे हवेतच. डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि आपल्यासोबत विरघळलेलं औषधही नेतं. माणसाच्या शरीरातही टीजीएफ-बीटाचे तेच रिसेप्टर आहेत. वापरलेलं माध्यम बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याबरोबर द्या. आमच्याकडे मामांनी त्या बाटलीवर स्वतः लाल पट्टी लावून ठेवली आहे आणि तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

कुणी घेऊ नये? ज्यांना मासे नियमित अंडी घालतील इतकी व्यवस्था अजून बसवता आलेली नाही, त्यांनी थांबावं. आधी तुलनेच्या डिशमधले भ्रूण दर वेळी निरोगी निघायला हवेत, पाण्याचं तापमान आणि उजेडाचं घड्याळ पक्कं हवं. ते होईपर्यंत पाच आकड्यांची कुपी फ्रीजरमध्ये जुनी होत पडेल. ज्यांना फक्त एक डोळ्याचा भ्रूण दाखवून फोटो काढायचा आहे, त्यांनीही घेऊ नये. त्यासाठी एखाद्या जीवाला इतकं बिघडवण्याला मला समर्थन सापडत नाही. प्रश्न मनात असेल, नोंदवही तयार असेल, मुलं तासातासाला डिश बघायला थांबणार असतील, तर जरूर घ्या.

यंदाच्या तुकडीतल्या दोन मुलांनी स्वतःहून एक प्रश्न काढला आहे. तीन तासांना पूर्ण मात्रा टाकून पाच तासांना धुऊन काढली, आणि दुसऱ्या डिशमध्ये पाचवा हिस्सा मात्रा शेवटपर्यंत ठेवली, तर दोन्हीकडे सारखंच हरवतं का? नोडल किती मिळालं त्यावर पेशीचं ठरतं, की किती वेळ मिळालं त्यावर? १० मायक्रोमोलरच्या नळ्या भरून झाल्या आहेत, धुण्याच्या वेळांचं कोष्टक मुलांनी इनक्युबेटरच्या दारावर चिकटवलं आहे, आणि गुरुवारी संध्याकाळी जोड्या लावायच्या आहेत.